कंपोस्टच्या ढिगावरची तपकिरी छत्री : ओळख पटवण्याच्या नोंदी, इंदूर

४ जुलै

मागच्या अंगणात कंपोस्टच्या ढिगावर तीन-चार दिवसांपासून लहान तपकिरी छत्र्या, म्हणजे अळंबी, उगवल्या आहेत. परवा संध्याकाळी शेजारच्या काकूंची साडेतीन वर्षांची नात तिथे भातुकली मांडून बसली होती, आणि तिच्या ताटलीत पोळ्या म्हणून याच छत्र्या होत्या. एकीची कड कुरतडलेली. "खाल्लीस का गं?" असं आम्ही चौघांनी चारदा विचारलं. दोनदा हो म्हणाली, दोनदा नाही.

पहिली चूक तिथेच झाली. घाबरून मी ताटली ढिगावर उपडी केली, वर फावड्याने माती ओढली आणि मग आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांचा पहिला प्रश्न: "छत्री आणलीत का?" छत्री नाही, फोटोही नाही. रंग काय होता यावर काकूंचं आणि माझं एकमत नाही.

डॉक्टर जे म्हणाले ते लिहून ठेवते, कारण आम्ही नेमकं उलटं धरून चाललो होतो. तासा-दोन तासांत उलट्या सुरू करणारी छत्री बहुधा पोट बिघडवून किंवा दरदरून घाम आणून सोडते. जिवावर उठणारी छत्री मात्र सहा तास, कधी चोवीस तासही गप्प बसते. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटल्यासारखं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत. लवकर त्रास झाला म्हणजे सुटलो असंही नाही, कारण दोन जाती एकत्र पोटात गेलेल्या असू शकतात. म्हणून 'रात्री छान जेवली नि झोपली' याला काही अर्थ नाही. पोरीला एक रात्र ठेवून घेतलं, आज यकृताची रक्ततपासणी पुन्हा केली. ठणठणीत आहे. कड बहुतेक गोगलगायीने खाल्ली असावी. ढिगावर बिनशंखाच्या गोगलगायी रोज असतात.

पण काकूंनी आमच्याकडचं फाटक बंद ठेवायला सांगितलं आहे, आणि पोरगी पलीकडून मला "काकू, पोळ्या" म्हणून हाका मारते. छत्री कोणती ते शोधायचं ठरवलं. माझं शिक्षण बी.कॉम. आहे हे आधीच सांगते.

७ जुलै

मोबाइलवरचं झाडं ओळखणारं ॲप. एकाच छत्रीचे तीन फोटो दिले. वरून काढलेल्या फोटोला खाण्याजोग्या मोठ्या छत्रीचं नाव, बाजूने काढलेल्याला शिताके, खालून काढलेल्याला 'लेपिओटा'. तिन्ही वेळा शेजारी भरघोस टक्के. त्यातलं पहिलं नाव वाचून कुणी भाजी टाकली असती तर?

माळीभय्यांना विचारलं. "मॅडम, कुकुरमुत्ता है। धूप निकलेगी तो अपने आप मर जाएगा।" ॲपपेक्षा हे उत्तर बरं वाटलं, निदान त्यात चूक नव्हती.

९ जुलै

आज नमुना घेतला आणि वाया घालवला. दांडा चिमटीत धरून उपटला. दांडा मोडला, बूड मातीतच राहिलं. रात्री वाचलं तेव्हा कळलं की बूडच सर्वांत आधी पाहायचं असतं. अमानिटा नावाच्या घातकी वंशात बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं, आणि ते मातीत दडलेलं असतं. म्हणजे मी पुरावा जमिनीत ठेवून बाकीचं घरी आणलं.

वर तो नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला.

१० जुलै

पिशवीत तपकिरी शेंबूड. आईंनी (माझ्या सासूबाई) फ्रिजचा तो कप्पा सोड्याने दोनदा पुसायला लावला. तो सगळा नमुना गेला, आणि पाऊस थांबल्यामुळे नवीन उगवेना. चार दिवस फुकट.

१४ जुलै

रात्री पाऊस झाला, सकाळी सहा छत्र्या. या वेळी जुना उलथणा घेऊन भोवतीच्या मातीसकट उचलल्या आणि वर्तमानपत्राच्या पुड्यांत वेगवेगळ्या बांधल्या. हातात जे दिसतं ते ताजं असतानाच लिहायचं, दुपारपर्यंत रंग बदलतो. म्हणून अंगणातच मोढ्यावर बसून लिहिलं:

छत्री सर्वांत मोठी साडेतीन सेंटिमीटर, सर्वांत लहान दीड. मधोमध गडद तांबूस-तपकिरी टिकली, तिच्यापासून कडेकडे फाटत गेलेले खवले, खवल्यांच्या मधून मळकट पांढरं. तापत्या तव्यावर पापडाची साल तडकते तसं. खालच्या बाजूला पांढऱ्या गिल्स, म्हणजे छत्रीखालचे पातळ पडदे, दाट, आणि त्या दांड्याला चिकटत नाहीत. दांड्याभोवती बारीक मोकळी खाच राहते, भिंगातून स्पष्ट दिसली. दांडा बोरूएवढा जाड, पोकळ. वरचा भाग गुळगुळीत, मध्याच्या जरा वर कड्याची पुसटशी खूण, आणि तिच्याखाली तपकिरी खवल्यांचे आडवे पट्टे, मनगटावर बांगड्या चढवल्यासारखे. बुडाशी पिशवी नाही. वास चोळल्यावर थोडा गोडसर, नंतर रबरासारखा. आईंना वासच येत नाही म्हणाल्या.

पट्टे मी पहिल्या दिवशी पाहिलेच नव्हते. फोटोतही आले नव्हते, कारण सगळे फोटो वरून काढलेले.

त्याच रात्री बीजाणूंचा, म्हणजे गिल्समधून गळणाऱ्या बियांसारख्या भुकटीचा, ठसा घ्यायला बसले. दांडा कापायचा, छत्री गिल्स खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची, रात्रभर हलवायची नाही.

१५ जुलै

कोऱ्या पांढऱ्या कागदावर काहीच नाही. 'छत्री कोवळी असेल' अशी समजूत घालून कागद चुरगाळून फेकला. चहा पिताना डोक्यात उजेड पडला की पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसणार कसा? केराच्या टोपलीतून कागद काढून खिडकीशी तिरपा धरला तर गिल्सच्या रेघा पिठासारख्या उमटलेल्या.

खजूरी बाजारात जाऊन काळा चार्ट पेपर आणला, पंधरा रुपये. रिक्षाचे येऊन-जाऊन एकशे ऐंशी. घरात काळा कागद आधी असू द्या.

१६ जुलै

अर्धा काळा आणि अर्धा पांढरा कागद चिकटवून, दोन्हींवर निम्मी निम्मी येईल अशी छत्री ठेवली. छत्रीवर पाण्याचा एक थेंब, वर वाटी, पंखा बंद. इंदूरच्या जुलैत पंखा बंद करून झोपणं ही या प्रकल्पातली सर्वांत मोठी किंमत, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

सकाळी काळ्या बाजूवर सुरेख पांढरं चक्र. त्यावरून मध्येच एक नागमोडी वाट गेलेली. बघते तर सुईच्या टोकाएवढी अळी, छत्रीतून उतरून ठसा तुडवत कागदाच्या कडेपर्यंत पोहोचलेली. दुसऱ्या छत्रीच्या ठशावर अशा तीन वाटा. अळ्या आहेत म्हणजे छत्री खायला चालते, हा समज आमच्याकडेही आहे. किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. घातकी छत्र्यांनाही अळ्या आणि गोगलगायी कुरतडतात.

आईंनी त्यांची परीक्षा सांगितली, ती केली नाही तर मला झोप लागू देणार नव्हत्या. छत्रीचे तुकडे पाण्यात उकळायचे आणि त्यात चांदीचं नाणं टाकायचं. काळं पडलं तर विष. देवातलं लक्ष्मीचं नाणं द्यायला त्या तयार होईनात, मग जुनं पैंजण टाकलं. वीस मिनिटं उकळून पैंजण उलट चकचकीत निघालं. "बघ, चांगली आहे," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं. ही परीक्षा साफ खोटी आहे. जिवावर उठणाऱ्या छत्र्यांच्या विषात गंधक असतो, तरी चांदी काळी पडत नाही. उकळूनही ते विष जात नाही. लसणाच्या पाकळीची परीक्षाही त्याच पंक्तीतली. ते पातेलं मी वेगळं काढून ठेवलं, आता ते बागेचं.

१९ जुलै

ठशाच्या रंगाने किती गर्दी कमी होते ते आज कळलं. आधी माझ्या यादीत गॅलेरिना आणि कोनोसायबी होत्या, दोन्ही लहान, तपकिरी, आणि काही जाती मारक. पण त्यांचा ठसा गंजाच्या रंगाचा. इनोसायबीचा मातकट तपकिरी. बाजारातल्या बटण मशरूमच्या वंशाचा चॉकलेटी. हिरवळीवर येणारी मोठी पांढरी छत्री, जी लोक हमखास खाऊन आजारी पडतात, तिचा चक्क हिरवट. हे सगळे एका रात्रीत बाद. राहिले पांढऱ्या ठशाचे. त्यांतही मोकळ्या गिल्स, खवले आणि बुडाशी पिशवी नाही, असं एकत्र घेतलं की लेपिओटा आणि तिचे सख्खे-चुलत. म्हणजे ॲपचा तिसरा फोटो बरोबर होता. त्याला श्रेय द्यायचं की नाही यावर विचार चालू आहे.

लेपिओटातल्या काही लहान जातींत अमाटॉक्सिन असतं. तेच, अमानिटातलं. पेशीत आरएनए बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, मग नवी प्रथिनं बनणं थांबतं आणि यकृत आधी कोसळतं. मारक मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला सुमारे ०.१ मिलिग्रॅम. शेजारची पोरगी चौदा किलोची आहे. मी चौदा गुणिले शून्य दशांश एक हा गुणाकार केला आणि वही मिटून ठेवली.

२३ जुलै

भाच्याच्या ओळखीने एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या मॅडम भेटल्या. मराठीच निघाल्या, त्यामुळे अर्धा तास माहेर कुठलं यात गेला. मी काय काय करून आले ते ऐकून हसल्या. घरी मी बीजाणूंवर बीटाडीन टाकून पाहिलं होतं, कारण आयोडीनने लेपिओटाचे बीजाणू तांबूस होतात असं वाचलं होतं. झाले की! बीजाणू, काच, माझी बोटं, सगळंच तांबूस झालं. मॅडम म्हणाल्या, "ताई, त्याला मेल्झरचं द्रावण लागतं. आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड आणि क्लोरल हायड्रेट. बीटाडीनने फक्त जखम बरी होते."

माझं कागदी सूक्ष्मदर्शकही तिथे निकालात निघालं. घडी घालून बनवायचं, साधारण १४० पट मोठं दाखवणारं. त्यात बीजाणू म्हणजे मोहरीहून बारीक ठिपके. बीजाणू मोजायला हजार पट हवं आणि भिंगाखाली तेलाचा थेंब हवा.

त्यांनी पाकिटं मागितली तेव्हा माझी लाज निघाली. पुडीवर मी लिहिलं होतं: 'मागचं अंगण'. त्यांना हवं होतं तारीख, कशावर उगवली, एकटी की झुपक्याने, जवळ कोणतं झाड, ताजेपणीचा रंग, वास, ठशाचा रंग, कुणी उचलली. सहापैकी चार पुड्यांत काय कधीचं हे मलाच सांगता येईना. चार बाद.

२७ जुलै

मेल्झरच्या द्रावणात बीजाणू विटकरी झाले. या वेळी काच नाही, फक्त बीजाणू. लंबगोल, सुमारे सात मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांब. मॅडमनी मला पाहू दिलं. सुरुवातीला माझ्याच पापण्या दिसत होत्या, मग एकाएकी भिजवलेल्या मसुरीसारखं काहीतरी तरंगत आलं.

वंश लेपिओटा, यावर त्या ठाम. जातीसाठी छत्रीच्या खवल्याचा ब्लेडने उभा काप घेऊन पेशींची रचना बघायची असते, आणि तिथे आम्ही अडकलो. राहिलेल्या दोन नमुन्यांपैकी एक मी फ्रीझरमध्ये ठेवला होता, तो वितळल्यावर भिजलेल्या पोळीसारखा झाला. दुसरा उन्हात वाळवला, तो वरून करपला आणि आत बुरसला. नमुना वाळवायचा तो चाळीस अंशांच्या आसपास, हवा खेळती ठेवून, पापडासारखा मोडेपर्यंत. फळं वाळवायचं यंत्र नसेल तर जाळीखाली साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब सियागंजात मिळाला, पंचवीस रुपये. चार दुकानं हिंडले, तीन दुकानदारांनी एलईडी दाखवला.

२९ जुलै

वर्तमानपत्राची परीक्षा. छत्रीचा रस वर्तमानपत्रावर टेकवायचा, पेन्सिलने गोल करायचा, वाळला की हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. निळं आलं तर अमाटॉक्सिनचा संशय. घरी करून बघू म्हणून संडास साफ करायचं द्रावण वापरलं. ते द्रावण मुळातच निळं. आम्लही त्यात जेमतेम दहा टक्के. पान निळं झालं, मी निळी पडले.

मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी गप्प झाल्या आणि मग स्पष्ट म्हणाल्या, "घरी तीव्र आम्ल आणायचं नाही. तुम्ही नमुने घेऊन या."

३१ जुलै

कॉलेजात, धूर ओढणाऱ्या कपाटात, तीव्र आम्लाने परीक्षा केली. रसाचे गोल लवकर वाळावेत म्हणून मी कागद खिडकीतल्या उन्हात ठेवला होता, मॅडमना न विचारता. आम्ल टाकल्यावर रसाचा गोल निळसर झाला, आणि शेजारचा रिकामा, बिनरसाचा गोलसुद्धा. ऊन किंवा उष्णता लागली की कागदच आम्लाने निळा पडतो. पूर्ण दिवस वाया, त्यातली निम्मी चूक इंदूरच्या उन्हाची, निम्मी माझी.

३ ऑगस्ट

पुन्हा. कालचा ताजा नमुना, बल्बवर न वाळवता तसाच. सावलीत, पंख्याशिवाय वाळलेले गोल. कागद वर्तमानपत्राच्या आतल्या पानाचा, खरबरीत. गुळगुळीत पुरवणीचा चालत नाही, कारण ही सगळी गंमत कागदात लाकडातून आलेल्या लिग्निन या द्रव्यावर आहे. तीन गोल रसाचे, एक नुसत्या कागदाचा, आणि एक रसाचा पण गाळण-कागदावर, म्हणजे आम्लाने छत्रीचाच रंग बदलतो का तेही कळावं.

घड्याळ लावून बसलो. पाचव्या मिनिटाला काही नाही. अकराव्या मिनिटाला पहिल्या गोलाच्या कडेला मोरपिशी झाक आली, शाळेत टाकाच्या शाईचा डाग पाण्यात फुटायचा तशी. सतराव्या मिनिटाला दुसऱ्यालाही. तिसरा पिवळटच राहिला. नुसता कागद स्वच्छ, गाळण-कागद स्वच्छ.

तीनपैकी दोन. मी विचारलं, "म्हणजे विषारी?" मॅडम म्हणाल्या, "म्हणजे संशयाला जागा आहे. इतर काही द्रव्यांनीही निळं येतं. आणि तिन्ही कोरे राहिले असते तरी मी तुम्हाला खा म्हटलं नसतं." डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचून घेतला तर जातीच्या जवळ जाता येईल, त्यासाठी त्यांनी पाकीट क्रमांक ४ ठेवून घेतलं आहे.

घरी आल्यावर काकूंना फाटकापाशी सांगितलं, "मारक धरून चालू." त्यांनी एवढंच विचारलं की हात लागला तर? हात लागल्याने काही होत नाही, पोटात जायला हवी. तरी हात धुवावेत, कारण पोरं बोटं चोखतात.

९ ऑगस्ट

आता ढिगाचं काय? तो मोडायला मी तयार नाही. सासऱ्यांनी घातलेली रीत आहे, आणि ते ती 'आपल्या गावची' म्हणून मिरवत. खोटं नाही ते. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते, आजचं कृषी महाविद्यालय आहे तिथेच, आणि त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, राख, माती यांचे थर, आणि तीन महिन्यांत तीनदा उलटापालट.

तिसरी उलटापालट मी यंदा केलीच नव्हती, मे महिन्यात कंबर धरली म्हणून. ढीग गरम असतो तोवर या छत्र्या येत नाहीत. थंड होऊन पडून राहिला, वर पाऊस झाला, की येतात. आज माळीभय्यांबरोबर ढीग उलटला. आत पांढऱ्या दोऱ्यांची जाळी, ओल्या कापसाच्या वातींसारखी, वीतभर खोल. उलटल्याने ती मरेल अशी माझी आशा होती. भय्या म्हणाले, "इससे तो और फैलेगा।"

म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी चारी बाजूंनी, वर झाकण, कडी. जाळी आणि चार बांबू मिळून एक हजार चाळीस रुपये, अर्धा दिवस.

उपटलेल्या छत्र्या कचऱ्याच्या गाडीत कुठल्या खणात टाकायच्या हाही प्रश्न निघाला. मी घरगुती घातक कचऱ्याकडे बोट दाखवलं. गाडीवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, गीला है।" त्याचं बरोबर असावं, ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लँटमध्ये जातो. २०२२ पासून तिथे दिवसाला ५५० टन जिरवायची सोय आहे, माझ्या आठ छत्र्या त्यात कुठे दिसणार? कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून दिल्या, एवढंच.

१७ ऑगस्ट

तुळशीशेजारच्या कुंडीत हळदीसारखी पिवळीधमक छोटी छत्री. ही एका दिवसात ओळखली: पांढरा ठसा, मोकळ्या गिल्स, कडेला चुण्या, अंगावर पिवळी भुकटी. ल्यूकोकोप्रिनस बिर्नबाउमी. खाल्ली तर पोट बिघडवते. जगभर कुंड्यांतून हिंडते. कोर्डा नावाच्या अभ्यासकाने १८३९ मध्ये तिच्या नावातलं 'बिर्नबाउमी' ठेवलं तेसुद्धा प्रागच्या एका काचघरातल्या नमुन्यावरून. आईंना ती फार आवडली. "राहू दे गं, शोभेला." कुंडी उचलून गच्चीत नेली.

२ सप्टेंबर

आतापर्यंतचा खर्च: काळा कागद, बल्ब, काचपट्ट्या, भिंग, कागदी सूक्ष्मदर्शक, वाया गेलेलं निळं द्रावण, रिक्षा, जाळी मिळून दोन हजार आठशे नव्वद. वेळ दोन महिने, त्यातले निदान तीन आठवडे माझ्या चुकांचे. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवशी इतकंच करेन: बुडासकट उचलणं, कागदाची पुडी, पुडीवर पूर्ण मजकूर, काळ्या कागदावर ठसा, आणि एक नमुना बल्बवर. बाकीचं मॅडमकडे.

फाटकाची कडी काकूंनी परवा काढली. पोरगी आता जाळीबाहेर बसून चिखलाच्या पोळ्या करते. एक मलाही वाढली.

मॅडमकडून अजून निरोप नाही. पाकीट क्रमांक ४ वर वंशाच्या जागी लेपिओटा लिहिलं आहे, जातीच्या जागी पेन्सिलने रेघ.